दागिन्याची पाठ

आपल्या घरांतून रत्नांची ओळख बहुधा रंगावरून करून दिली जाते. लाल दिसले की माणिक, निळे दिसले की नीलम, पिवळे दिसले की पुष्कराज आणि हिरवे दिसले की पाचू. नवरत्ने कोणती म्हणून विचारले तर घरातली आजी बोटांवर मोजून सांगते : हिरा, माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, नीलम, गोमेद आणि लसण्या. या नऊ नावांवर आपला संसार शतकानुशतके सुखाने चालत आला आहे. या यादीत एक दगड मात्र नाही. आणि ज्या देशात त्या दगडाला सगळ्यांत मोठा मान, त्या देशात आपल्या हिऱ्याला फार काळ कोणी फारसे विचारीत नसे. हिऱ्याची कणी तिथे मिरवण्यापेक्षा भोके पाडण्याच्या कामी अधिक येई. तो देश चीन, आणि तो दगड जेड.

चिनी लोक त्याला ‘यू’ म्हणतात. सज्जनाचे गुण सांगताना कन्फ्यूशियसने या दगडाची उपमा दिली, असे त्यांचे जुने ग्रंथ सांगतात. जेड हे नाव युरोपातले. स्पॅनिश लोक त्याला ‘कुशीचा दगड’ म्हणत, कारण कमरेशी बांधला की पोटाचे व मूत्रपिंडाचे दुखणे थांबते अशी समजूत होती. त्याच समजुतीवरून शास्त्रज्ञांनी एका जेडला नेफ्राईट म्हटले. ग्रीक भाषेत नेफ्रॉस म्हणजे मूत्रपिंड. आपल्याकडे हा दगड मोगलांच्या दरबारात फारसी नाव घेऊन आला : यशब. त्याची चपटी टिकली करून छातीवर बांधीत आणि तिला हौलदिली म्हणत. धडधडणारे काळीज तिने शांत होते असा विश्वास. मराठीत आपण ‘हवालदिल’ म्हणतो तो हाच शब्द. युरोपियनांनी दगड मूत्रपिंडाला बांधला, आपण हृदयाला बांधला. दगडाने तक्रार केली नाही. मराठी शिकवणाऱ्या बाईला या दगडात गोडी का वाटावी, याचे उत्तर यात आले.

हे सगळे सांगायचे कारण असे की, चिनी दागिने आपल्या घरांत वाटतात त्यापेक्षा अधिक आहेत, आणि ते ओळखायला आपली नऊ नावे पुरत नाहीत. मुंबईचा चीनशी व्यापार जुना. इथून कापूस आणि अफू जाई, तिकडून चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी येत. जमशेटजी जीजीभाईंसारख्या व्यापाऱ्यांनी तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या. पारशी बायकांचे गारे आणि तनछोई या त्याच व्यापाराच्या खुणा. पुढे चिनी फेरीवाले पाठीवर गाठोडी घेऊन मुंबईत आणि सुरतेत पारशांच्या दारोदार रेशीम व भरतकामाच्या किनारी विकीत फिरत. जहाजांवर नोकरी करणारे हाँगकाँग-शांघायहून काही ना काही घेऊन येत. रेशीम विरले, कपबशा फुटल्या, दागिने तेवढे डब्यांतून राहिले.

आमच्या इगतपुरीत असे दागिने यायला आणखी एक वाट होती. थळ घाटातून आगगाडी १८६५ साली इगतपुरीला पोहोचली. दर सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ. गाडीला जादा इंजिने लावल्यावाचून चढणे नाही. त्यामुळे इंजिने, ड्रायव्हर, फायरमन आणि त्यांचे बंगले यांचे हे गाव झाले. त्या बंगल्यांतून युरोपियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे राहत. १९४७ नंतर त्यांतली कित्येक कुटुंबे देश सोडून गेली, आणि जाताना पियानोपासून पोळपाटापर्यंत सगळे सामान आजूबाजूच्या लोकांना विकून किंवा देऊन गेली. गावातल्या जुन्या घरांत अजून एखादी वेताची आरामखुर्ची किंवा फुलांची चिनी बशी दिसते ती या वाटेने आलेली.

आमच्या शेजारच्या काकूंचा डबा याच वाटेने आलेला. काकूंचे वय आता ब्याऐंशी. त्यांच्या सासूबाईंना १९४८ साली एका ड्रायव्हरच्या बायकोने विलायतेला जाताना शिवणाचे यंत्र विकले आणि त्याबरोबर तीन दागिने दिले. तिचा भाऊ म्हणे बोटीवर होता आणि शांघायला जाऊन-येऊन असे. तीन दागिने म्हणजे एक हिरवे दगडी कांकण, एक सोनेरी तारकामाचे ब्रेसलेट, आणि एक निळा, पोपडे सुटलेला ब्रूच. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत या दागिन्यांची कथा घरात वाढत गेली. आधी ते ‘चिनी’ होते, मग ‘दीडशे वर्षांचे’ झाले, आणि शेवटी कांकण ‘चीनच्या राणीच्या हातातले’ ठरले.

काकूंना तीन मुली. थोरली नाशकात, मधली पुण्यात, धाकटी अमेरिकेत. काकूंनी मनाशी वाटणी केली होती : कांकण थोरलीला, ब्रेसलेट मधलीला, आणि ब्रूच धाकटीला, कारण धाकटीला काही कमी नाही आणि ब्रूच तसाही मोडकाच. हे मधलीच्या कानांवर गेले. राणीचे कांकण थोरलीलाच का, असे तिने विचारले. थोरलीने काही उत्तर दिले, मधलीने त्याला प्रत्युत्तर दिले, आणि दोन्ही बहिणींचे फोन दीड वर्ष बंद होते. काकू हवालदिल झाल्या, आणि छातीवर बांधायला हौलदिली काही नव्हती. शेवटी त्यांनी सगळे विकून पैसे तिघींत वाटायचे ठरवले आणि डबा सराफाकडे नेला.

सराफ भला माणूस. त्याने ब्रेसलेट कसोटीवर घासून पाहिले, चांदी आहे म्हणाला, मुलामा गेला धरून मोडीचा भाव सांगितला. खडे काढून वजन करावे लागेल म्हणाला. ब्रूचमध्ये चांदी थोडी, बाकी ‘निळा कागद’. तो मोडीत घालून टाकू. कांकण दगडाचे, त्याला त्याच्याकडे भाव नव्हता. यात त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. आपली कसोटी धातूची आहे, काटा वजनाचा आहे. दगडाचे आणि कारागिरीचे वय सांगणारे साधन त्याच्या पेढीवर नसतेच. पण काकूंना ‘मोड’ हा शब्द लागला. त्या डबा घेऊन तशाच माझ्याकडे आल्या.

“अगं, तू एवढी शिकलेली. राणीचं नसलं तरी चालेल, पण आहे तरी काय ते सांग. एकदा खरं कळलं की मुलींना काय सांगायचं ते सांगून टाकते.”

मी रत्नपारखी नाही. पण भिंग आहे, पुस्तके आहेत, आणि महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे एक सहकारी आहेत, ज्यांच्या प्रयोगशाळेत चांगला तराजू आहे. एवढ्या भांडवलावर आम्ही तीन दिवस त्या तीन वस्तू पाहिल्या, आणि जिथे आमची धाव संपली तिथे मुंबईच्या रत्नपरीक्षा प्रयोगशाळेकडे वस्तू पाठवली. त्यातून जे कळले ते इतर घरांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे क्रमाने मांडते.

आधी कांकण. जेड म्हणून जगात जे विकले जाते त्यात खरे दगड दोन आहेत. एक नेफ्राईट, चीनच्या पश्चिमेला खोतानच्या नद्यांतून येणारा, दुधी, शेवाळी किंवा पालकासारखा हिरवा. चीनची हजारो वर्षांची जुनी जेडे ती याच जातीची. दुसरा जेडाईट, हा उत्तर ब्रह्मदेशातून येतो, आणि पोपटी, पाचूसारखा झळझळीत हिरवा याच जातीत मिळतो. दोन्ही एकच समजले जात. १८६३ साली दामूर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पृथक्करण करून ते वेगळे असल्याचे दाखवले. इथे वय ठरवण्याची पहिली किल्ली सापडते. ब्रह्मी जेडाईट चीनमध्ये भरपूर येऊ लागला तो अठराव्या शतकात. तेव्हा झळझळीत हिरव्या जेडाईटचा दागिना कोणी ‘पाचशे वर्षांपूर्वीचा, मिंग बादशहांच्या काळचा’ म्हणून दाखवू लागला, तर त्याला नमस्कार करून उठावे.

इगतपुरीकरांना ब्रह्मदेश परका नाही. इथल्या धम्मगिरीचे विपश्यना केंद्र १९७६ साली सुरू झाले. ते ज्यांनी उभे केले ते सत्यनारायण गोएंका १९२४ साली मंडालेला जन्मले, आणि मंडाले हीच जेडच्या बाजाराची जगप्रसिद्ध पेठ. ध्यानासाठी येणाऱ्या पूर्वेकडच्या बायकांच्या हातांत हिरवी दगडी कांकणे आमच्या स्टेशनावर नेहमी दिसतात. काकूंच्या कांकणाची कथा फुगायला त्यांचाही हातभार लागला असेल. ‘हे बघा, असंच’ असे म्हणायला समोर नमुना होता.

पण ‘असंच’ हा डोळ्यांचा निवाडा झाला. हिरवे दगड पुष्कळ आहेत. आमच्या घाटांतल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतूनही स्फटिक निघतात. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात महाराष्ट्राच्या मातीतले पाणेरी हिरवे अपोफिलाईट पाहिले की कोणालाही वाटेल, हे कोंदणात बसवावे. पण तो दगड काचेहूनही मऊ आणि पापुद्र्याने फुटणारा. कोंदणात फार दिवस टिकायचा नाही. तेव्हा रंग बाजूला ठेवायचा आणि दोन गोष्टी विचारायच्या : दगड किती जड, आणि किती कठीण?

जडपणा मोजायची रीत आर्किमिडीजची. वस्तू आधी हवेत तोलायची, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून तोलायची. जितके वजन घटले त्याने मूळ वजनाला भागायचे. जेडाईट असेल तर उत्तर ३.३ च्या आसपास येते, नेफ्राईट असेल तर ३ च्या किंचित खाली. स्फटिक आणि त्याच्या जातीचे अकीक वगैरे खडे २.६५ च्या जवळ. काकूंचे कांकण हवेत ४८.६ ग्रॅम भरले, पाण्यात १८.९ ग्रॅमने हलके झाले. भागाकार २.५७. जेड असते तर इतके हलके भरले नसते. एवढे तिथल्या तिथे ठरले.

मग कठीणपणा. सुईने किंवा चाकूने ओरखडा काढून पाहायची पद्धत पुस्तकांत असते. ती घरच्या वस्तूवर करू नये, ओरखडा कायमचा राहतो. आम्हाला तशी गरजही पडली नाही. भिंगातून पाहिले तर कांकणाच्या दोन्ही कडांवर बारीक ओरखड्यांचे जाळे होते आणि कडा झिजून गोल झाल्या होत्या. “हे कशाबरोबर घालत होता?” मी विचारले. काकू म्हणाल्या, “सासूबाई घालायच्या. मागेपुढे हिरव्या काचेच्या बांगड्या, मध्ये हे.” झाले, प्रयोग सासूबाईंनीच करून ठेवला होता. जेडाईटचा कठीणपणा मोहसच्या मापाने साडेसहा ते सात, नेफ्राईटचा सहा ते साडेसहा, आणि साध्या काचेचा साधारण साडेपाच. काचेच्या बांगड्यांनी जेडला असे ओरखडे पडत नाहीत. जो दगड काचेपुढे हरला तो जेडहून मऊ. आत बुडबुडे नव्हते, म्हणजे काचही नव्हे. ढगाळ, तंतुमय असे काही होते. प्रयोगशाळेच्या चिठ्ठीने नाव सांगितले : सर्पेंटाईन. सापाच्या कातडीसारखा दिसतो म्हणून हे नाव. ईशान्य चीनमध्ये श्यूयेन येथे तो निघतो आणि व्यापारात ‘न्यू जेड’ या नावाने जगभर जातो. असेच एका हिरव्या, चमचमणाऱ्या स्फटिकाला ‘इंडियन जेड’ म्हणतात. तो इंडियन असेल, पण जेड नव्हे.

मात्र म्हणून काकूंचे कांकण ‘खोटे’ म्हणावे का? चिनी माणूस तसे म्हणणार नाही. त्याच्या ‘यू’ या शब्दात सुंदर, घोटीव होणारे कित्येक दगड येतात, आणि श्यूयेनचा दगडही त्यात मानाने बसतो. खोटे तेव्हा, जेव्हा जेडाईटचे पैसे घेऊन ते विकले जाईल. हल्ली तर खरा जेडाईटसुद्धा निर्धास्तपणे घ्यावा असा राहिलेला नाही. १९८० नंतर हलका जेडाईट आम्लात धुऊन, त्याच्या सूक्ष्म भेगांत राळेसारखे द्रव्य भरून, कधी रंग देऊन विकायची विद्या फैलावली. हा लबाडीचा थर साध्या डोळ्यांना दिसत नाही. अवरक्त किरणांच्या परीक्षेतच उघडा पडतो. मोठी किंमत देऊन जेड घेणाऱ्याने प्रयोगशाळेची चिठ्ठी मागावी, आणि तीत दगडाचे नुसते नाव नव्हे तर ‘प्रक्रिया न केलेला’ असे शब्द आहेत का ते वाचावे.

आता ब्रेसलेट. त्याला सहा चौकटी, प्रत्येक चौकटीत कोरलेला नारिंगी खडा, भोवती बारीक पिळाच्या तारेची वेलबुट्टी, आणि पानाफुलांत निळा-हिरवा मिना. खडा दगड म्हणून ओळखायला सोपा : अकीक. थंड, घट्ट, आणि उजेडापुढे धरला की आतून पेटल्यासारखा. गंमत अशी की, आपल्या खंबायतचे अकीक मुंबईमार्गे चीनला जात असत. या सहांतला एखादा खडा आपल्याकडचाच असून, जगाची प्रदक्षिणा करून घरी परतला असेल, तर नवल नाही.

वय मात्र खडा सांगत नाही. अकीक कोट्यवधी वर्षांचा, तो काय सांगणार? वय सांगते ती पाठ. दागिना घेताना आपण त्याचा चेहरा पाहतो, आणि बनवणाऱ्यानेही सगळी तयारी चेहऱ्याची केलेली असते. पाठीवर तो बेसावध असतो. झाळलेले सांधे, खटका, पिनेचा आकडा, छाप, झीज हे सगळे पाठीवर असते, आणि खोटे बोलायला त्यांना कोणी शिकवलेले नसते. काकूंच्या ब्रेसलेटच्या पाठीवर, खटक्याजवळ, इंग्रजी अक्षरांत ‘सिल्व्हर’ आणि ‘मेड इन चायना’ असे दोन छाप होते. ते सगळ्यांनी पाहिले होते. त्यांचा अर्थ विचारला नव्हता.

चीनच्या राणीला तिचा दागिना चीनमध्ये बनला हे इंग्रजीत सांगायची गरज कोणाला वाटली असेल? हा छाप निर्यातीच्या मालाचा. अमेरिकेने १८९० साली जकातीचा कायदा केला आणि पुढच्या वर्षापासून परदेशी मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत घालणे सक्तीचे झाले. तेव्हा ‘चायना’ असा इंग्रजी छाप असलेली वस्तू सहसा त्याआधीची नाही. आणि ‘मेड इन’ हे शब्द साधारणपणे पहिल्या महायुद्धानंतरच्या मालावर अधिक दिसतात. पलीकडची सीमाही अशीच सापडते. १९५० पासून १९७१ पर्यंत अमेरिकेने चीनशी व्यापार बंद ठेवला होता. तो उठल्यावर जुन्याच नमुन्याचे मुलामा दिलेले, मिन्याचे दागिने पुन्हा हजारोंनी बाहेर पडले. म्हणून छाप तेवढा पाहून भागत नाही, कामही पाहावे लागते. जुन्या कामात तारेचा पीळ बारीक आणि हाताचा, सांधे थोडे वेडेवाकडे, मुलामा उंचवट्यांवर झिजून खाली चांदी दिसू लागलेली. नव्या कामात सगळे एकसारखे, आणि मुलामा खाचेत व उंचवट्यावर सारखाच चकचकीत. काकूंच्या ब्रेसलेटला १९४८ ही वरची सीमा घरच्याच इतिहासाने दिली होती. छाप, तार आणि झीज पाहून ते १९२० ते १९३५ च्या दरम्यानचे ठरवायला हरकत नव्हती. छाप चिनी अक्षरांत असेल किंवा दुकानाची इंग्रजी आद्याक्षरे असतील तर काम आणखी सोपे. कँटन आणि हाँगकाँगच्या वांग हिंग या पेढीची ‘डब्ल्यू एच’ अक्षरे चांदीच्या चिनी वस्तूंवर पुष्कळदा भेटतात, आणि शेजारचा ९० हा आकडा शंभरांत नव्वद भाग चांदी असल्याचे सांगतो.

राहिला ब्रूच. मोडका, पोपडे सुटलेला, धाकटीच्या वाट्याचा. त्यावर फुलपाखरू होते. पंखांत निळा रंग, मध्ये पोवळ्याचा मणी, दोन बारीक मोती, आणि मिशांच्या जागी हलले की थरथरणाऱ्या तारेच्या दोन कमानी. सराफाने ज्याला कागद म्हटले त्यावर मी भिंग धरले. कागदाला तंतू असतात, पण असे एका दिशेने विंचरलेले नसतात, आणि वस्तू फिरवली की निळ्याचा मोरपंखी होत नाही. तो कागद नव्हता, पीस होते. खंड्या पक्ष्याचे पीस.

चीनमध्ये ही एक जुनी कला होती. चांदीच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर तारेची कुंपणे उभारायची आणि प्रत्येक कुंपणात खंड्याच्या पिसाचा बारीक तुकडा कापून सरसाने चिकटवायचा. पिसाचा निळा हा रंगद्रव्याचा नव्हे, तर पिसाच्या सूक्ष्म बांधणीत प्रकाश विखुरण्याने दिसणारा. म्हणून शंभर-दीडशे वर्षांनीही तो विटत नाही. सरस सुटतो आणि पोपडे निघतात, निळा तसाच राहतो. या पक्ष्याचे चिनी नाव ‘फेइ-त्सुई’, आणि ब्रह्मदेशातून झळझळीत हिरवा दगड आला तेव्हा चिन्यांनी त्यालाही हेच नाव दिले. सगळे घर ज्या दगडाच्या शोधात होते त्याचे नाव या मोडक्या फुलपाखराच्या पंखावर लिहिलेले होते, असे म्हटले तरी चालेल.

आणि पुन्हा पाठ. ब्रूचच्या पाठीवर झाळलेले सांधे दोन तऱ्हांचे दिसले. तारांचे सांधे जुने, काळवंडलेले. पिनेचा सांधा मात्र वेगळ्या रंगाचा, जाड आणि घाईचा. त्याच्या शेजारी एक कापलेला दांडा. म्हणजे हा मुळात ब्रूच नव्हताच. केसांत खोवायचा काटा होता. चीनमध्ये १९११-१२ च्या क्रांतीने बादशाही गेली, तिच्याबरोबर बायकांच्या मोठ्या केशरचना गेल्या, आणि हे काटे निरुपयोगी झाले. पुढच्या दोन-तीन दशकांत व्यापाऱ्यांनी कित्येक काट्यांचे दांडे कापले, मागे पिना लावल्या आणि ते ब्रूच म्हणून परदेशी पाहुण्यांना विकले. पिसांची कलाही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच बहुतेक लोपली. एका दागिन्याची दोन वये झाली : चेहरा बादशाही काळाचा, पाठ त्यानंतरची. राणीचा नसेल, पण राण्या असतानाच्या चीनमधल्या कोणा बाईच्या केसांत तो थरथरला असणार. तिघांत सगळ्यांत जुना हाच, आणि मोडीत जायला निघाला होता तोही हाच.

काकूंना मी हे सगळे त्यांच्या ओटीवर बसून सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे मी वाटणी उलटी केली होती म्हण की.” मी म्हटले, “किमतीनं पाहिलं तर तसंच.”

पण उलटी वाटणी सुलटी करणेही सोपे नव्हते. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षे वा त्याहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय पक्ष्यांच्या पिसांच्या वस्तूंना अनेक देशांत वन्यजीवांचे कायदे आडवे येतात. फुलपाखरू अमेरिकेला जाणे शक्य नव्हते. ब्रेसलेटही आता शंभरीच्या उंबऱ्यावर आहे. अशा वस्तू नेताना पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. परदेशी असलेल्या मुलांना आजीचे दागिने भेट देणाऱ्या घरांनी हे आधीच लक्षात ठेवावे. विमानतळावर कळले तर उशीर झालेला असतो.

काकूंनी तिन्ही मुलींना एकाच वेळी फोन लावायला नातवाला सांगितले आणि जसे होते तसे सांगितले. कांकण जेड नाही, हे ऐकून मधली गप्प झाली. थोरलीने मात्र विचारले, “पण आजीच्या हातातलं तेच ना?” तेच, काकू म्हणाल्या. “मग ते मलाच हवं.” मधलीने ब्रेसलेट घेतले. फुलपाखरू धाकटीच्या नावाचे, पण राहणार इगतपुरीला. ती येईल तेव्हा पाहील. दोघी बहिणी आता एकमेकींशी बोलतात. कांकणाचा विषय निघाला की अजून जरा जपून बोलतात. पण दिवाळीला दोघी इगतपुरीला यायच्या आहेत.

ज्यांच्या घरी असा डबा असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. चिनी दागिना चिंच, लिंबू, रिठा किंवा दातांच्या पेस्टने घासू नये. पोवळे, मोती आणि पिरोजा आम्लाने खराब होतात, मिना उडतो, आणि पिसाच्या कामाला तर पाण्याचा थेंबही लावू नये. तृणमणी खरा की प्लास्टिकचा हे पाहायला तापलेली सुई टोचायचे सल्ले मिळतात. ते ऐकू नयेत. हस्तिदंताची वस्तू असेल तर ती विकायचा विचारही मनात आणू नये. तो व्यापार कायद्याने बंद आहे. मणी असतील तर भोके भिंगातून पाहावीत : जुनी, हाताने पाडलेली भोके दोन्ही बाजूंनी निमुळती होत मध्ये किंचित चुकून भेटतात, यंत्राची सरळ आणि गुळगुळीत असतात; आणि मण्यात बुडबुडे किंवा साच्याची शिवण दिसली तर ती काच. डोळ्यांना सवय करायची असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी वस्तू आहेत. खरे जेड घोटल्यावर कसे दिसते, काचेसारखे नव्हे तर तेल लावल्यासारखे, हे तिथे तासभर उभे राहिल्यावर जसे कळते तसे लेख वाचून कळत नाही.

आणि एक चिठ्ठी लिहून ठेवावी. दागिना कोणी दिला, कोणत्या साली, कोणत्या गावात, देणाऱ्याने काय सांगितले. काकूंच्या घरी १९४८ हे साल सासूबाईंच्या तोंडून ऐकलेले होते म्हणून ब्रेसलेटचे वय नेमके करता आले. ते नसते तर आमचे भिंग आणि तराजू निम्मेच उपयोगी पडले असते. काकूंनी आता तीन चिठ्ठ्या लिहून घेतल्या आहेत, माझ्याकडून, मोठ्या अक्षरांत. कांकणाच्या चिठ्ठीवर ‘सर्पेंटाईन’ असे मी लिहिले होते. त्यांनी तो शब्द दोनदा वाचला, आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली : ‘सासूबाई रोज घालत असत.’